अण्णांना पाठवलेलं निळं धुकं

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या अंगावरचं रबर दोन ठिकाणी सुटलंय, तुटलेल्या पट्ट्याला नाडी बांधलेली आहे आणि थंडीत माझी बॅटरी म्हाताऱ्या माणसासारखी लवकर दमते. डोळा मात्र अजून शाबूत आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण एका सकाळी माझ्या डोळ्यावरच आळ आला होता.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला, पण शहाणपण आलं ते संगमनेरात. तिथल्या शाळेत दीनानाथ मास्तर चित्रकला शिकवत. घरचे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी मला पुण्याहून आणलं ते टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर बसवून. डिसेंबरात ते मला सकाळी सकाळी प्रवरेच्या काठी नेत. हरभऱ्यावर दव असे, पाण्यावर वाफ तरंगत असे. "आधी नुसतं बघावं, मग बटण दाबावं," असं ते स्वतःलाच बजावत. थंडीतून घरात शिरताना मला पिशवीत घालून तोंड घट्ट बांधत. गार काचेला एकदम ऊब लागली की तिला घाम फुटतो, मग बुरशी धरते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एक भिंग गमावून ते शिकले होते.

त्यांची मुलगी भानुमती केंद्र सरकारच्या नोकरीत लागली. दिल्लीला बदली झाली तेव्हा अण्णांनी मला तिच्या गळ्यात घातलं. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी घरात पहिली दोन वर्षं माझं फार कौतुक झालं. मग प्रत्येकाच्या हातात कॅमेऱ्याचा फोन आला आणि मी कपाटात गेलो. लोकरीच्या कपड्यांत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, किती हिवाळे गेले ते मला ठाऊक नाही.

मला बाहेर काढलं ते काळजीनं. अण्णांना आता दमा होता, आणि नोव्हेंबर लागला की ते रोज फोन करत. "भानू, टीव्हीवर दाखवतायत, तिकडे श्वास घ्यायची सोय नाही म्हणे?"

"तसं काही नाही हो अण्णा. टीव्हीवाले वाढवून सांगतात."

पण नुसत्या शब्दांनी अण्णा ऐकणारे नव्हते. मग एका रविवारी तिनं मला पुसलं आणि लोधी गार्डनात नेलं. जुना घुमट, तळं, धुळकट झाडं आणि त्यांच्यावर बसलेली पिवळट करडी हवा. मी जसं होतं तसं टिपलं. मला दुसरं काही येतच नाही.

घरी तिची मुलगी सृष्टी लॅपटॉप घेऊन बसली. "आई, यार, हे तर चहा सांडल्यासारखं दिसतंय. थांब, पिवळा कमी करू. आता थोडा निळा."

बघता बघता धूर गेला आणि धुकं आलं. घुमट दवात न्हाल्यासारखा झाला. भानुमती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हेच पाठवते."

अण्णांचं उत्तर लगेच आलं. "वा! अगदी आपली प्रवरा." त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली म्हणे. झालं! तेव्हापासून दर रविवारी मी पिवळं टिपायचो आणि ती निळं पाठवायची. तिचा हात इतका बसला की पुढे तिला सृष्टीचीही गरज उरली नाही. मूळ फोटो ती पुसून टाकी. पुसताना तिचा अंगठा क्षणभर अडखळे. तेवढं मी पाहिलं आहे.

मग जानेवारीत फोन आला. "भानू, तिकीट काढलंय. तुझं धुकं बघायला येतोय."

"अहो, डॉक्टरांना विचारलंत का?"

"त्यांना काय विचारायचं? मी फोटो बघितलेत ना!"

मित्रांनो, त्या दिवशी तिच्या हातात मी होतो; मला पुसणं अर्धवट टाकून तिनं कॅलेंडर बघितलं. खरं सांगायला अजून पाच दिवस होते. तिनं काय करावं? हवा साफ करणारं, हवा वाईट असली की लाल दिवा लावणारं एक यंत्र आणून अण्णांच्या खोलीत ठेवलं.

"हा डबा कसला?" आल्या आल्या अण्णांनी विचारलं.

"हीटरचा धाकटा भाऊ समजा."

"मग याचा दिवा लाल का?"

"शोभेचा आहे, अण्णा."

सृष्टी तोंड फिरवून हसली, पण तिच्या आईला हसू आलं नाही. मास्क द्यावा तर कारण सांगावं लागेल. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, आज फार गारठा आहे. दुसऱ्या दिवशी, आज बाग बंद आहे. अण्णा मुकाट्यानं मला पुसत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली आणि सृष्टी अजून पांघरुणात होती, तेव्हा अण्णांनी मफलर गुंडाळला, मला गळ्यात घातलं आणि रिक्षावाल्याला आपल्या हिंदीत सांगितलं, "भैया, लोधी गार्डन. फोटो निकालने का है." दम्याचा पंप खुंटीवरच्या कोटातच राहिला. खिशातून डोकावणारा तो मला दिसत होता. पण मला फक्त बघता येतं, बोलता येत नाही.

तळ्याशी पोचल्यावर त्यांनी मला डोळ्याला लावलं. मग खाली घेतलं. मफलरच्या टोकानं भिंग पुसलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा पुसलं. "बुरशी लागली वाटतं तुला, बाबा," ते मला म्हणाले. इतक्या वर्षांत इतकं कशानं लागलं नव्हतं मला. समोर घुमट होता, तळं होतं, झाडं होती. निळं तेवढं कुठंच नव्हतं.

त्यांनी तरीही बटण दाबलं. हात हलला. मग ते बाकावर टेकले. त्यांची छाती माझ्या पाठीला लागून होती, आणि आत कुणीतरी बारीक शिटी वाजवावी तसा आवाज यायला लागला. एक श्वास. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. फिरायला आलेली माणसं मास्क लावून झपझप पुढे जात होती. गळ्यात कॅमेरा घालून बसलेला म्हातारा दमलाय की शोभा बघतोय, हे त्यांना कसं कळावं?

मी घरात नाही म्हटल्यावर कुठं यायचं ते भानुमतीला कळलं होतं; ती आली ती ओल्या केसांनी, घरातल्या स्लिपरांत. तिच्या मुठीत पंप होता. दोन वेळा पंप ओढल्यावर शिटी हळूहळू बसली.

"भानू," अण्णा म्हणाले, "भिंग खराब झालंय गं याचं. सगळं पिवळं दिसतंय."

ती त्यांच्या पायाशी बसली. "भिंग चांगलं आहे अण्णा. इथलं असंच दिसतं. मी घरी बसून निळं करत होते. तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून."

अण्णांनी मला मांडीवर ठेवलं आणि नुसत्या डोळ्यांनी तळ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता शिटी पुन्हा सुरू होते की काय.

"म्हणजे तू रोज यातच असतेस?" त्यांनी विचारलं. "आणि पोरगीसुद्धा?"

तिनं मान हलवली. मग तिथल्या तिथं तिला रडू आलं.

तिनं त्यांना थेट दवाखान्यात नेलं. तिथून घरी परतल्यावर हीटरच्या उबेत शिरताना अण्णांनी धापा टाकत तिचा हात धरला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "पिशवी... आधी पिशवीत घाल त्याला."

चार दिवसांनी ते मास्क लावून गाडीत बसले. जाताना एकच अट घालून गेले.

आता दर रविवारी मी टिपतो ते जसंच्या तसं संगमनेरला जातं. निळंही जातं कधीकधी, पण त्याच्या शेजारी पिवळं असतंच. मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. फोटो खुशाल सजवा, पण मूळचा पुसू नका. आणि थंडीतून घरात नेताना आम्हाला आधी पिशवीत घाला. काचेला जशी ऊब हळूहळू द्यावी लागते, तसंच माणसाला खरं. पण द्यावं लागतंच.

अण्णांनी काढलेला तो हललेला, वाकडा, पिवळा फोटो भानुमतीनं लॅपटॉपच्या पडद्यावर लावून ठेवलाय. आणि जसाच्या तसा गेलेल्या पहिल्या फोटोवर संगमनेरहून जे उत्तर आलं, ते तिनं मला पुसता पुसता सृष्टीला मोठ्यानं वाचून दाखवलं :

"बघितलं. आज फार आहे. खिडक्या लावून घ्या आणि पोरीला मास्कशिवाय सोडू नकोस. मी जागा आहे."