नाही न म्हणणारा वैमानिक

विमान कंपनीत वैमानिकांच्या पाळ्या लावायचं काम मावशीकडे होतं. कोणी आजारी पडलं की सुट्टीवरच्या दुसऱ्याला फोन करून बोलवायचं. पूर्वी एखाद-दुसऱ्या फोनवर भागायचं. हल्ली दहा जणांची मनधरणी करावी लागे, कारण वैमानिकच पुरत नव्हते. प्रशिक्षणासाठीचं सरकारी कर्ज नोकरी लागल्यावर पगाराच्या मानाने फेडायची सोय होती, ती सरकारने गुंडाळली होती. आता बँक घर तारण मागे. घर नसलेली पोरं या वाटेला फिरकत नव्हती, आणि घर गहाण टाकून आलेली पोरं कशालाच नाही म्हणू शकत नव्हती.

तिचा भाचा टिल्लू त्यातलाच. दारातून वाकून आत यावं लागे एवढा उंच, पण लहानपणीचं नाव चिकटलं ते चिकटलंच. जेवढे तास उडायचं तेवढा भत्ता, आणि भत्ता सरळ हप्त्यात. गहाण टाकलेलं घर त्याच्या आईचं, म्हणजे मावशीच्या ताईचं.

त्या दुपारी एका सहवैमानिकाला ताप भरला. साहेब येऊन म्हणाले, "त्या उंच पोराला लावा. तो कधी नाही म्हणत नाही."

"आज त्याची सुट्टी आहे."

"नियमात बसतंय ना?"

बसत होतं. तिने फोन लावला.

"येतो," टिल्लू म्हणाला.

"अरे, कुठे जायचंय ते तरी विचार!"

"कुठेही. मावशी, आत्ता सकाळ आहे की संध्याकाळ?"

तिला आधी वाटलं, थट्टा करतोय. मग त्याचा जड आवाज तिच्या लक्षात आला. "जेवलास का?"

"काल बहुतेक."

"दमलायस का? खरं सांग."

"दमलो म्हटलं तर तुला वर कळवावं लागेल ना?"

"हो."

"मग नाही दमलो."

तिने फोन ठेवला आणि साहेबांना सांगितलं, "तो विमान चालवण्याच्या अवस्थेत नाही. मी त्याचं नाव लावणार नाही."

"तो म्हणाला तसं?"

"मी म्हणतेय."

"विमानभर माणसं खोळंबलीत, बाई!"

"म्हणूनच," ती म्हणाली.

दुसरं कोणी मिळालं नाही. उड्डाण रद्द झालं.

दुसऱ्या दिवशी टिल्लू तरातरा तिच्या घरी आला. "डॉक्टरकडे पाठवलंय मला. ते हो म्हणेपर्यंत उडणं बंद. हप्ता काय तू भरणार?"

"भरते."

"आणि पुढचा?"

तो पाणीही न पिता निघून गेला. संध्याकाळी ताईचा फोन आला. "आपल्या माणसाची बाजू घ्यायची सोडून त्याच्याच पोटावर पाय दिलास?"

"ताई, मी त्याचीच बाजू घेतली गं."

ताईने फोन कापला.

डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. टिल्लू आईच्या घरी झोपून राहिला. जेवायला उठवलं की ताटावरच डुलक्या घ्यायचा. ताईने ते रोज पाहिलं. एकदा झोपेतच तो "येतो, येतो" म्हणाला, तशी ती कोणाला न विचारता घर विकायच्या खटपटीला लागली. कर्ज फिटलं. हातात फारसं उरलं नाही. मावशीची बदली तोवर सामानाच्या तक्रारींच्या टेबलावर झाली होती.

ताई दोन पेट्या घेऊन मावशीकडेच राहायला आली. टिल्लू पुन्हा उडू लागला आहे, आणि अंगात त्राण नसलं तर तसं सांगून टाकतो. साहेब त्याच्यावर नाराज आहेत. दोघी बहिणी एका ओट्यावर स्वयंपाक करतात, पण बोलणं मिठामसाल्यापुरतंच.

परवा मावशीने धीर करून विचारलं, "अजून रागावली आहेस का माझ्यावर?"

ताईने गॅस बारीक केला. "तू बरोबरच केलंस," ती म्हणाली. "पण घर माझं गेलं."