सुटलेलं मनगट

मास्तरांची जीभ तिखट, पण शिकवणं चोख. गोल्फच्या सराव मैदानावर तीस वर्षं काढलेला माणूस. नुसत्या आवाजावरून कोणाचं कोपर कुठे भरकटलं ते पाठमोरे उभे राहून सांगायचे. हाताखालून शेकड्यांनी गेले, पण जीव होता तो दातांच्या डॉक्टरांवर.

डॉक्टर रोज सकाळी दवाखान्याआधी तासभर यायचे. पन्नाशी उलटलेली, ताकद बेताचीच, पण मनगट बघत राहावं असं. हात खाली येत असताना ते दुमडलेलंच राहायचं, क्लबचं, म्हणजे काठीचं, डोकं मागून रेंगाळत यायचं आणि अगदी चेंडूपाशी सुटायचं. यालाच लॅग म्हणतात, मास्तर बाकीच्यांना दाखवत. हे जोर लावून येत नाही, दम धरावा लागतो.

त्या वर्षी डॉक्टरांचं मनगट लवकर सुटायला लागलं. डावा हात वर जाताना कोपरात वाकायचा, आणि खांदे नि मुठी यांचा त्रिकोण पार विस्कटायचा. मास्तरांनी ठेवणीतले उपाय काढले. दोन्ही कोपरांमध्ये चेंडू धरायला लावला, दंडांना पट्टा बांधला, अर्ध्यावर थांबून पाच आकडे मोजायला लावले. पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टर एकदा हळूच म्हणाले, की डावा अंगठा सांगितलेलं ऐकत नाही, दवाखान्यात तोंडात बघायचा आरसाही हातातून निसटतो.

"अंगठ्याचं काय घेऊन बसलात?" मास्तर खेकसले. "अंगात आळस भरलाय. अजून शंभर मारा."

डॉक्टरांनी मारले. शेवटच्या विसांना हात थरथरत होता. मास्तरांनी ते पाहिलं आणि थकवा म्हणून सोडून दिलं.

असे तीन महिने गेले. मग एका सकाळी क्लब डॉक्टरांच्या हातातून सुटला आणि भिरभिरत समोरच्या जाळीत अडकला. आजूबाजूचे हसले, मास्तरही हसले. डॉक्टर मात्र आपल्या डाव्या तळहाताकडे बघत होते. अंगठ्याच्या मुळाशी मांसाचा उंचवटा असतो, तिथे खळगा पडला होता.

त्यानंतर ते आलेच नाहीत. पंधरवड्याने मास्तर डॉक्टरांच्या घरी गेले. वहिनींनी दारातच सांगितलं, की नसांचा आजार आहे. औषध नाही. आधी हात जातात, मग बोलणं, मग श्वास. दवाखाना बंद केलाय.

"मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, सुरुवात कधी झाली," वहिनी म्हणाल्या. "हे म्हणाले, मास्तरांना विचारा, त्यांना दिवससुद्धा सांगता येईल."

त्यात टोमणा नव्हता. मास्तरांना तो दिवस खरंच सांगता आला असता.

आत डॉक्टर खिडकीपाशी बसले होते, डावा हात उशीवर ठेवून. मास्तरांनी बसायच्या आधीच बोलून टाकलं, की मी तुम्हाला आजारी हाताने शंभर शंभर मारायला लावले, शिव्या घातल्या.

"नसते मारले तरी हेच होणार होतं," डॉक्टर म्हणाले. "मला तेव्हाच शंका आली होती, मास्तर. फार घाबरलो होतो. तुम्ही आळस म्हणालात, तेव्हा बरं वाटलं. तीन महिने मी नुसता आळशी माणूस होतो."



दुसऱ्या दिवसापासून मास्तर रोज यायला लागले. सांधे आखडू नयेत म्हणून हात कसे हलवायचे, ते त्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडून नीट समजून घेतलं. खांदा, कोपर, मनगट, एकेक बोट. हात आठवड्या-आठवड्याला हलका होत गेला. सातव्या महिन्यात डॉक्टरांचं बोलणं गेलं. मग मास्तर मैदानावरच्या कागाळ्या सांगत बसायचे आणि डॉक्टर डोळे मिटून ऐकायचे.

एका सकाळी वहिनींनी त्यांना पायरीवरच थांबवलं आणि मान हलवली. आत माणसं जमायला लागली होती. बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या. मास्तर शेजारच्या घरून आणायला गेले.