पुसलेला कोड

मंडळी, गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणजे इंजिनात बिघाड. पण पहिला विचार कोणता येतो? हा विझवायचा कसा! बिघाडाचं नंतर बघू.

ज्योतीरामचं तसंच झालं. कुरुळी गावच्या सहा कामगार बायकांना व्हॅनमधून चाकणच्या कंपनीत सोडायचं, यावरच त्याचं घर चालायचं. कंपनीचा नियम कडक. फाटकावर रखवालदार मारुतराव डॅशबोर्ड बघणार. दिवा दिसला की नावापुढे खूण. तीन खुणा झाल्या की रूट दुसऱ्याला. ज्योतीरामच्या दोन झाल्या होत्या.

मग त्यानं इंजिनाच्या बिघाडाचा कोड वाचायचं, हातात मावणारं यंत्र आणलं. स्टिअरिंगखाली वायर जोडली की कोड दिसायचा: दुसऱ्या सिलिंडरात ठिणगी नीट पडत नाही. ज्योतीराम तो वाचायचा, समजून घ्यायचा आणि बटण दाबून पुसायचा, की दिवा विझायचा. गाडी गॅरेजात ठेवली तर बदली गाडी आणायची कुठून? असे दहा दिवस काढले.

त्या सकाळी हायवेवर चढताना व्हॅननं आचके दिले आणि दमच सोडला. मागून कंटेनर! हॉर्न, करकचून ब्रेक... आणि वीतभर अंतरावरून तो निघून गेला. आत बायका एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या.

व्हॅन कडेला लागली. ज्योतीरामनं यंत्र जोडलं. तोच कोड. बोट बटणाकडे गेलं.

"थांब!" शेजारच्या सीटवरून कुसुमताई ओरडल्या. कंपनीत सुटे भाग तपासण्यात त्यांची अकरा वर्षं गेली होती. "रोज हेच करतोस व्हय?"

"ताई, आज दिवा दिसला तर रूट गेला. पोरांना काय घालू?"

"आन आमच्या पोरांनी आज कुणाकडं बघायचं होतं?"

ज्योतीरामचं बोट अजून बटणावरच होतं.

"खराब पार्टला आमी लाल टॅग लावतो. टॅग काढून पार्ट पुढं ढकलणारा चोरापेक्षा वाईट, बाबा! बुवा कीर्तनात काय सांगतात? चूक देवापुढं ठेवावी. तू तर पुसत बसलास."

ज्योतीराम स्टिअरिंगवर डोकं टेकवून ढसाढसा रडला. मग त्यानं वायर उपटली. रस्त्यावरची एक गाडी थांबवून बायकांना तिच्यात बसवलं आणि स्वतःही त्यांच्याबरोबर कंपनीच्या फाटकावर गेला.

"मारुतराव, दहा दिवस दिवा विझवून गाडी आणत होतो. आज सगळ्या मरता मरता वाचल्या."

"खूण करावी लागंल, भाऊ. नियम हाय."

"करा की!" कुसुमताई म्हणाल्या. "पन वर हे बी कळवा, दुरुस्तीला दोन दिस न देता हाकलता, म्हनून मानसं पुसायला शिकतात."

मारुतरावांची मान खाली गेली. तरी तिसरी खूण झालीच. व्हॅन ओढून न्यायला ज्योतीराम एकटाच हायवेकडे चालत निघाला.

रूट गेला, मंडळी. पण संध्याकाळी सहाजणी आपापल्या घरी पोचल्या! दिवा विझवून बिघाड जात नाही. तो उघड्यावर आणून दुरुस्तच करावा लागतो. आणि कुणी चूक कबूल करत दाराशी आला, तर त्याला हाकलू नका. देवानं आपल्याला अजून हाकललेलं नाही!