हार्कवुडच्या बोगद्यात

थर्झा माझी जाऊ. तिचा नवरा जेथ्रो आणि माझा इनॉक सख्खे भाऊ. दोघांच्या दोन बोटी, दोन्हींवर कोळसा. बर्मिंगहॅमकडून कालव्यानं दक्षिणेला जायचं, उतरवायचा, परत फिरायचं. आमचं घर म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाची केबिन. तिथेच चूल, तिथेच पलंग.

जेथ्रोला लेस्टर स्केरिट या दुसऱ्या बोटवाल्यानं मारलं. मी अपघात म्हणत नाही, थर्झाही कधी म्हणाली नाही.

जेथ्रोची भरलेली बोट लॉकमध्ये, म्हणजे पाणी कमी-जास्त करून बोट वरखाली नेणाऱ्या दोन दारांमधल्या हौदात उभी होती, खाली उतरायची होती. थर्झा पुढचं लॉक तयार करायला सायकलवरून गेली होती. लॉकमधलं पाणी उतरताना बोटीचं मागचं टोक वरच्या दाराच्या दगडी उंबऱ्यापासून पुढे असावं लागतं, नाहीतर ते उंबऱ्यावर अडकतं आणि पुढचं टोक पाण्याबरोबर खाली जातं. जेथ्रो अजून बोट पुढे घेत होता. त्याच लॉकमधून वर चढायला खालच्या दाराबाहेर थांबलेल्या स्केरिटला तेवढाही धीर नव्हता. त्यानं पाणी सोडायच्या खालच्या दोन्ही झडपा एकदम पूर्ण उघडल्या. थर्झा आवाज ऐकून मागे आली तेव्हा बोट उभी कलंडली होती, जेथ्रो कोळशाखाली होता आणि झडपांपाशी स्केरिट उभा होता.

चौकशीत स्केरिटनं टोपी छातीशी धरून सांगितलं, की जेथ्रो दारू पिऊन सुकाणूवरच पेंगत होता आणि झडपाही त्यानंच उघडून ठेवल्या होत्या. बायकोचं कोण ऐकतं? जन्मात बिअरच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाच्या दफनाला पाद्रीबाबांनी दारूच्या दुष्परिणामांवर चार शब्द ऐकवले. थर्झा कबरीशी ताठ उभी होती. ती रडली नाही. तिथून निघताना ती मला एवढंच म्हणाली, "त्याच्याच तोंडून वदवून घेईन."

कंपनीनं तिला दुसरी जुनी बोट दिली. ती एकटीच चालवू लागली. स्केरिट समोरून येत असला की प्रत्येक लॉकमधून बाहेर पडल्यावर ती काठावर उतरायची आणि लॉक त्याला हवं त्याच्या उलट, भरून किंवा रिकामं करून ठेवायची, म्हणजे त्याला ते पुन्हा भरत किंवा रिकामं करत बसावं लागायचं. हळूहळू इतरही बोटवाले तसंच करू लागले. काठावरच्या पबमध्ये तो आला की बाकावरची माणसं उठून दुसरीकडे बसायची. तो वाळला, पण बोलला नाही.

मग त्या शरदात हार्कवुडचा बोगदा आला. हा बोगदा एका बोटीपुरताच रुंद, आत काठही नाही. समोरून दिवा दिसत असला तर बाहेर थांबायचं, हा नियम. त्या दिवशी स्केरिट आत शिरला, त्याच्यामागे आम्ही, आमच्यामागे आणखी दोन बोटी. आणि पलीकडच्या तोंडातून थर्झा दिवा विझवून आत आली. हे मला आणि इनॉकला आधीपासून ठाऊक होतं.

अर्ध्या वाटेत दोन्ही टोकं एकमेकांवर आदळली. स्केरिटनं शिव्या दिल्या, मागे हो म्हणाला. थर्झानं इंजिन बंद केलं. मग त्यानं आम्हाला मागे व्हायला सांगितलं. इनॉकनंही इंजिन बंद केलं आणि पाइप पेटवला. भिंतींवरून पाणी टपकत होतं. थर्झा केबिनच्या दारात बसून बटाटे सोलत होती. तिच्या चुलीचा धूर स्केरिटच्या अंगावर येत होता.

"काय पाहिजे तुला, बाई?" त्यानं शेवटी विचारलं.

"तुला ठाऊक आहे."

 तिचे बटाटे शिजले, तिनं ते मीठ लावून सावकाश खाल्ले. मागच्या बोटवाल्यांची कुरबुर सुरू झाली, पण कारण कळल्यावर तेही थांबले. अखेर स्केरिटची बायको मेबल केबिनमधून बाहेर आली. दमलेली, पडेल चेहऱ्याची बाई.

"सांगून टाक, लेस्टर," ती म्हणाली. "रोज झोपेत ओरडून मला सांगतोसच की. जागेपणी सांगायला काय होतंय?"

त्यानं तिच्याकडे बघितलं ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मग तो पुटपुटला.

"मोठ्यानं," थर्झा म्हणाली. "मागच्यांना ऐकू जाऊ दे."

"झडपा मी उघडल्या. तो हात वर करून थांब म्हणत होता."

"आणि दारू?"

"प्यायला नव्हता. मी खोटं बोललो."

बोगद्यात आवाज शेवटपर्यंत जातो. मागच्या एका बोटीवरून कुणीतरी पाण्यात थुंकलं. स्केरिटनं बोटीच्या पुढच्या टोकाशी येऊन समेटाचा हात पुढे केला. थर्झानं तो पाहिला, बांबू उचलला आणि भिंतीला रेटे देत बोट मागे नेऊ लागली. तिला घाई नव्हती.

त्यानंतर आम्ही सगळ्यांनी जाऊन साक्ष दिली. जुनी चौकशी कुणी उघडली नाही, पण पाद्रीबाबांना रविवारी सगळ्यांसमोर आपले शब्द मागे घ्यावे लागले. स्केरिटला कुणी माल देईना. तो कालवा सोडून एका गिरणीत लागला. मेबल त्याच्याबरोबर गेली नाही, बहिणीकडे राहिली.

मी थर्झाला विचारलं, आता तरी जीव निवला का?

"थोडा," ती म्हणाली आणि सुकाणूवर उभी राहिली.