दाढेचा खड्डा

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं? चार दिवस फुंकायचं नाही, थुंकायचं नाही, विडी ओढायची नाही. आणि तुम्ही तिसऱ्याच दिवशी शीळ घातलीत!" मेंढक्याची बायको चुलीपुढून कडाडली.

मेंढक्या गालाला फडकं दाबून उंबऱ्यात बसला होता. मेंढरं शेजाऱ्याच्या उभ्या गव्हात घुसली, तेव्हा काय त्यांना हात जोडायचे होते? दोन बोटं तोंडात घालून त्यानं सणसणीत शीळ घातली. कळप वळला, गहू वाचला. पण काढलेल्या दाढेच्या जागी धरलेली रक्ताची गुठळी सुटून जिभेवर आली. दुसऱ्या दिवशी ठणका लागला तो पार कानात शिरला.

"लवंग धर," विचारपूस करायला आलेला सुतार म्हणाला.

"मिठाचा खडा दाब," गहूवाला शेजारी म्हणाला.

लवंगेनं हिरडी भाजली, मिठानं डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंडाला घाण येऊ लागली. जो तो शहाणपण शिकवून जाई आणि याला उलट एक शिवी हासडता येईना. जबडाच उघडत नव्हता.

शेवटी बायकोनं दंडाला धरून त्याला दवाखान्यात नेलं.

"गुठळी गेली, आतलं हाड उघडं पडलंय काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खड्डा धुऊन त्यांनी औषधाची पट्टी भरली. थोड्याच वेळात ठणका ओसरला, तसं त्याच्या डोळ्यांतून पाणीच आलं. "पट्टी बदलायला या. खड्डा भरायला दहा-बारा दिवस लागतील. रानात जायचं नाही."

"आणि मेंढरं?" तो कसाबसा पुटपुटला.

"मी मेले का?" बायको म्हणाली.

पहिल्या दिवशी तिनं दोन मेंढ्या हरवल्या, दुपारभर काट्याकुट्यांत फिरून शोधून आणल्या. जबडा अजून आखडलेला, म्हणून उंबऱ्यातून तो हातवारे करून चरफडायचा. "मला कळत नाहीत तुमच्या खाणाखुणा. गप पडा," म्हणत ती पायातले काटे काढायची.

बाराव्या दिवशी खड्ड्यात गुलाबी मांस धरलं. त्यानं काठी उचलली, मेंढरांच्या वाड्याकडे गेला. बायकोनं आधीच फाटक उघडलं होतं.

"ये गं ठमे, चल बुटके," ती एकेकीला हाका मारत निघाली. अख्खा कळप तिच्या मागं. त्याच्याकडे एकीनंही वळून पाहिलं नाही.

"नावं कधी ठेवलीस?"

"तुम्ही बोलत नव्हता, मग कोणाशी बोलणार?"

आता जबडा दुखत नव्हता. तरी त्यानं शीळ घातली नाही. काठी बगलेत मारून तो कळपामागं चालू लागला.