निनावी अभिप्राय

दोन वर्षांत बारा माणसांची दोनशे झाली, तेव्हा हितार्थभाई आपल्या गुजरातेतल्या सॉफ्टवेअर कंपनीला परिवार म्हणू लागले. या परिवारात रजा मागणारा निष्ठाहीन ठरे आणि प्रश्न विचारणारा नकारात्मक. तरीही फर्मान निघाले : प्रत्येकाने आपल्या मातृभाषेत, नाव न घालता, मन मोकळे करावे.

अभिप्रायांत मराठी एकच निघाला. भरसभेत हितार्थभाईंनी तो कागद पुढे केला.

"रंजनाबेन, तुम्ही कोसाडला राहता ने? तिकडे मराठी लोक बहुत. वाचून सांगा जरा."

धुळ्याहून आलेल्या मागकामगाराची ही मुलगी अस्खलित गुजराती बोले. पहिल्या बारा जणांपैकी ती एक होती, आणि अभिप्राय तिचाच होता. सौम्य करून सांगितला असता तर नोकरी शाबूत राहिली असती. तिने शब्दशः भाषांतर केले.

"जे आम्हाला परिवार म्हणतात, त्यांना आम्ही कोण आहोत हेच ठाऊक नाही."

हितार्थभाई जखमी महापुरुषासारखे हसले. "कोणी लिहिले ते शोधून काढा. माझा भरोसा तुमच्यावरच."

"शोधायचे काय त्यात, हितार्थभाई? इथे मराठी मी एकटीच."

"तुम्ही मराठी?"

"तीन वर्षे तुमच्याकडे काम करतेय," रंजना म्हणाली आणि कागदाची घडी घालून तिने त्यांच्यापुढे ठेवली. "आता लिहिलेले खोटे असेल तर सांगा."

संध्याकाळपर्यंत तिला कामावरून काढल्याचे पत्र आले. त्यात तिचे आडनाव चुकले होते.