खाद्याच्या पोत्याशेजारची जागा

खाद्याच्या गोळ्या करायचं मशीन बघायला तिघं भावंडं निघाली. बाळ गाडी चालवायला, साहेब त्याच्या शेजारी आणि अक्का मागे, खाद्याच्या मिश्रणाच्या पोत्यापाशी. पोतं तिनेच भरलं होतं, तेव्हा सोबतही तिनेच करावी, असा दोघांचा हिशेब असावा.

थोरल्या भावाला घरात सगळे साहेब म्हणत. साहेबी कसली, तळ्याकाठच्या खोलीत एक फिरती खुर्ची होती आणि ती तो फिरवायचा. त्याच्या तळ्यात मासे. धाकट्याच्या तळ्यात कोळंबी, आणि डोक्यावरचे केस गेले तरी तो अजून बाळच. तळी वेगळी, संसार वेगळे, तोंडं दोन दिशांना. खाद्य तेवढं एका शेडमध्ये व्हायचं, कारण ते अक्का करायची. शेडही तिच्याच नावावर होती. वाटणीच्या वेळी वास मारणाऱ्या जागेवर कोणी हक्क सांगितला नव्हता. मासळीची पूड, पेंड आणि पीठ मळायचं, हाताच्या यंत्रातून दाबून काढायचं, वाळवायचं. दोन्ही तळी तिच्या मनगटावर जगत होती आणि हे दोघे आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होते.

मनगट ठणकायचं ते एक वेळ चाललं असतं. पण साहेबाच्या मुलीच्या लग्नात ती दोनदा आंघोळ करून, ठेवणीतले कपडे घालून पुढे बसली, तर शेजारच्या बाईने नाकाला रुमाल लावला. मग साहेबच हळूच आला आणि म्हणाला, "अक्का, तू जरा मागे बस ना." ती मागे जाऊन बसली. तिथेच तिने ठरवलं की मशीन आलं की शेडमधून बाहेर पडायचं, ते कायमचं.

विक्रेत्याच्या गोदामात यंत्रं ओळीने उभी होती. विक्रेत्याने एका नजरेत दोन गिऱ्हाइकं हेरली आणि तिसरीला स्टूल दिलं.

"गोळी तरंगलीच पाहिजे," साहेबाने सुरुवात केली. "मासा वर येतो, खातो, किती खाल्लं ते दिसतं."

"कोळंबी तळाशी बसून निवांत कुरतडते," बाळ म्हणाला. "गोळी बुडली पाहिजे आणि लगेच विरघळता कामा नये. तुझी तरंगती गोळी घेऊन काय तिची आरास करू?"

"तळाशी बसून चिवडत राहणारं आळशी जनावर ते!"

"आणि तुझे मासे? आयतं दिसलं की तोंड वासून वर."

अक्काला दोघांचंही पटलं. फक्त त्यासाठी तळ्यापर्यंत जायची काही गरज नव्हती.

"भांडता कशाला?" विक्रेत्याने एका चकचकीत यंत्रावर हात ठेवला. "हे दोन्ही करतं. ताव, म्हणजे उष्णता, जास्त दिला की गोळी फुगते, तरंगते. कमी दिला की घट्ट निघते, बुडते." त्याने अक्काच्या पोत्यातलं मिश्रण घातलं, यंत्र चालवलं आणि एक गोळी बादलीत टाकली. गोळी अर्ध्यापर्यंत गेली आणि तिथेच घुटमळली.

"तरंगतेय," साहेब म्हणाला.

"डोळे तपासून घे. बुडतेय."

दोन बाप्ये माणसं बादलीवर ओणवी होऊन वाद घालत होती. अक्काने कपाळाला हात लावला.

"ताव जरा मधलाच राहिला," विक्रेता घाईघाईने म्हणाला. "पण सगळं ऑटोमॅटिक आहे. एकदा बसवलं की एक माणूस पुरतो."

हे ऐकताच कित्येक वर्षांत कशावरही एकमत न झालेले भाऊ एकमेकांकडे बघून माना डोलवू लागले.

"कोण माणूस?" अक्काने विचारलं.

साहेब हसला. "असं काय करतेस? तू आहेसच की."

"आणि आता तर नुसती बटणं दाबायची," बाळ म्हणाला. "तेवढाच तुला विरंगुळा."

विरंगुळा! अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली आणि कोपऱ्यातल्या, रंग उडालेल्या यंत्रापाशी गेली. "हे काय करतं?"

"तेही दोन्ही करतं, बाई, आणि चोख करतं. पण त्याला दोन माणसं लागतात. एकाने वरून मिश्रण सोडत राहायचं, दुसऱ्याने खाली ताव आणि गोळ्या कापणारं पातं सांभाळायचं. एक जण हलला की तुंबलंच. सारखं एकमेकांना विचारत काम करावं लागतं."

"आणि दोघांचं पटत नसलं तर?"

"मग त्यांनी हे घेऊच नये."

"हेच घ्यायचं," अक्का म्हणाली.

दोघे एकदमच ओरडले. तिने ओरडू दिलं. मग कमरेची किल्ली काढून साहेबाच्या हातात ठेवली. "शेड माझी आहे. तिथे उभं राहील तर हेच, नाहीतर काही नाही. वर तू, खाली बाळ. मी उद्यापासून येणार नाही."

"अगं, पण आम्हाला कुठे जमतंय ते?"

"मला तरी कोणी शिकवलं होतं?"

उरलेलं पोतं गाडीत मागे ठेवल्यावर साहेबाने सवयीने पुढचं दार उघडलं. अक्काने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू जरा मागे बस ना," ती म्हणाली आणि पुढे जाऊन बसली.

रस्त्याला लागल्यावर थोड्याच वेळात मागून साहेबाचा रुमालाआडचा आवाज आला, "बाळ, काच खाली कर रे, काय वास मारतोय!"

"राहू दे," अक्का म्हणाली. "सवय होते."